उपाशीपोटी इन्सुलिन १२: चांगलं की वाईट?

हल्ली साखरेच्या तपासणीसोबत उपाशीपोटीचं इन्सुलिनही करून घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. रिपोर्ट येतो, त्यावर १२ मायक्रोयुनिट प्रति मिली असा आकडा असतो, शेजारी छापलेल्या मर्यादेत तो बसतो आणि विषय संपतो. नाहीतर कोणीतरी सांगतं की इन्सुलिन ५ च्या वर गेलं की धोका, आणि माणूस हबकतो. दोन्ही वेळा चूक एकच होते. इन्सुलिन किती आहे एवढंच पाहिलं जातं. ते किती साखरेसमोर आलंय आणि शरीर त्याला किती दाद देतंय, हे बघितलंच जात नाही.

तीन काल्पनिक माणसं घेऊन हिशोब करून बघू. पहिल्याची उपाशीपोटीची साखर ८४, इन्सुलिन १२. दुसऱ्याची साखर ११७, इन्सुलिन तेच १२. तिसरा नियमित पळणारा, साखर ८१, इन्सुलिन फक्त ३. (साखर सगळीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे.) यांना होमाचं गणित लावू. ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सगळ्यात जास्त वापरली जाते. इन्सुलिनरोध, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती कमी दाद देतंय ते, काढायला साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी म्हणजे बीटा पेशी. त्यांचं काम टक्क्यांत काढायला ३६० गुणिले इन्सुलिन, भागिले (साखर वजा ६३).

पहिल्याचा रोध २.५ आणि बीटा पेशींचं काम २०६ टक्के येतं. दुसऱ्याचा रोध ३.५, काम ८० टक्के. इन्सुलिन दोघांचं सारखंच, पण पहिल्याच्या बीटा पेशी जोर लावून साखर काबूत ठेवताहेत आणि दुसऱ्याच्या त्यात कमी पडू लागल्यात. आता तिसरा. रोध ०.६, काम ६० टक्के. म्हणजे सगळ्यात निरोगी माणसाच्या बीटा पेशी सगळ्यात दुबळ्या? अर्थातच नाही. त्याच्या स्नायूंना आणि यकृताला थोडंसं इन्सुलिन पुरतं, म्हणून त्याच्या बीटा पेशी थोडंच सोडतात. बीटा पेशींचा आकडा एकटा वाचला की असा घोटाळा होतो. तो रोधाच्या शेजारी ठेवूनच वाचायचा.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जाणकारही अडकतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे म्हणून काही जण होमाच्या कामाला होमाच्या रोधाने भागतात आणि त्याला बीटा पेशींच्या भरपाईचा निर्देशांक म्हणतात. कागदावर मांडून बघा. अंशात इन्सुलिन, छेदातही इन्सुलिन, दोन्ही कटतात. उरते फक्त साखर. एवढ्या खटाटोपानंतर हाती येतो तो उपाशीपोटीच्या साखरेचाच वेगळ्या वेषातला आकडा, इन्सुलिन तपासलं नसतं तरी मिळाला असता असा. खरी भरपाई मोजायची तर स्रवण (बीटा पेशी किती इन्सुलिन सोडतात) आणि संवेदनशीलता (शरीर त्याला किती दाद देतं) दोन वेगवेगळ्या मोजमापांतून यायला हवी. रिचर्ड बर्गमन यांनी १९८१ मध्ये हीच कल्पना गणितात बसवली: निरोगी माणसात संवेदनशीलता निम्मी झाली की स्रवण दुप्पट होतं आणि गुणाकार जवळपास तसाच राहतो. मधुमेहाच्या वाटेवर हा गुणाकार घसरतो, आणि साखर मधुमेहाच्या रेषेपर्यंत पोचण्याच्या बरंच आधी घसरतो.

होमाच्या सूत्रातल्या त्या ६३ पासूनही जपून राहावं लागतं. साखर ७२ आणि इन्सुलिन ५ असेल तर बीटा पेशींचं काम २०० टक्के. साखर ६८ आली तर तेच ३६० टक्के. चार मिलिग्रॅमचा फरक तर नमुना हाताळण्यातही पडतो. साखर कमी असताना आलेल्या अशा आकड्यांवर मी अजिबात भरवसा ठेवत नाही.

बीटा पेशीला साखर कळते कशी, हे समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. हार्मोन एखाद्या ग्राहीला चिकटतं तसं ग्लुकोज इथे कशाला चिकटून निरोप देत नाही. बीटा पेशी ग्लुकोज जाळते आणि जाळण्याच्या वेगावरून रक्तातली साखर ओळखते. आत शिरलेल्या ग्लुकोजवर पहिली प्रक्रिया करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे ग्लुकोकायनेज. त्याचा वेग साखर साधारण १४४ असताना निम्म्यावर असतो, म्हणून जेवणानंतर साखर ज्या पट्ट्यात वरखाली होते नेमक्या त्याच पट्ट्यात ते सर्वाधिक संवेदनशील असतं. ग्लुकोज जळलं की एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, वाढतं. वाढलेलं एटीपी पेशीच्या पटलावरच्या (बाहेरच्या आवरणावरच्या) पोटॅशियमच्या खास वाहिन्या बंद करतं. पोटॅशियम बाहेर जायचं थांबलं की पटलावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि पटलाला टेकून तयार असलेल्या इन्सुलिनच्या कणिका बाहेर फुटतात. एका बीटा पेशीत अशा सुमारे दहा हजार कणिका असतात.

बीटा पेशींतली ही पोटॅशियम वाहिनी १९८४ मध्ये उजेडात आली. फ्रान्सेस अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी ग्लुकोजमुळे ती बंद होते हे दाखवलं. त्याआधी कितीतरी वर्षं वापरात असलेल्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या याच वाहिनीला चिकटून ती बंद करतात, ग्लुकोज असो वा नसो. त्यांच्याने साखर धोकादायकरीत्या खाली जाते ती याचमुळे: पेशीला साखर कमी असल्याचं कळतंय, पण वाहिनी गोळीने बंद करून ठेवलीये.

या वाहिनीने वैद्यकाला दिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट नवजात बाळांच्या मधुमेहाची आहे. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या काही बाळांत या वाहिनीच्या जनुकात बिघाड असतो, हे २००४ मध्ये दिसून आलं. वाहिनी एटीपीला जुमानत नाही, उघडीच राहते. पेशी जिवंत, कणिका भरलेल्या, पण सोडण्याचा हुकूमच मिळत नाही. मग गोळीने वाहिनी बंद केली तर? अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाने २००६ मध्ये ४९ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या ४४ जणांचं इन्सुलिनचं इंजेक्शन पूर्ण सुटलं. म्हणून सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या कोणाचीही, मग तो आज मोठा का असेना, जनुकीय चाचणी व्हायलाच हवी.

ग्लुकोकायनेजच्या जनुकाची एक प्रत बिघडली तर वेगळंच चित्र दिसतं. पेशीला साखर जाणवते, पण ती जरा जास्त चढल्यावरच. अशा माणसाची उपाशीपोटीची साखर जन्मापासून साधारण ९९ ते १४४ च्या मध्ये स्थिर असते. तिला सहसा औषध लागत नाही आणि औषधाने ती फारशी हलतही नाही. गर्भारपणात मात्र वेगळा विचार करावा लागतो.

शिरेतून ग्लुकोज एकदम दिलं तर इन्सुलिन दोन टप्प्यांत येतं. पटलाला टेकलेल्या कणिका पहिल्या दहा मिनिटांत रिकाम्या होतात. नंतर आतून नव्या कणिका सरकत येतात आणि दुसरा टप्पा संथपणे चालू राहतो. हा पहिला झटका यकृताला साखर सोडणं थांबवायला सांगतो, म्हणून तो छोटा असला तरी मोलाचा आहे. उपाशीपोटीची साखर ११५ च्या आसपास पोचेपर्यंत तो जवळपास नाहीसा झालेला असतो. म्हणजे रिपोर्टवर अजून 'प्रीडायबेटिस' लिहिलेलं असतं आणि पहिला टप्पा गेलेला असतो.

आता मोजणीकडे. हाताच्या शिरेतून घेतलेल्या रक्तातलं इन्सुलिन म्हणजे स्वादुपिंडाने सोडलेलं इन्सुलिन नव्हे. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत पहिल्याच फेरीत त्यातलं साधारण निम्मं इन्सुलिन काढून घेतं. उरलेलं चार-सहा मिनिटांत निम्मं होतं. यकृतात चरबी साठली की ही काढून घेण्याची ताकद कमी होते, आणि मग स्रवण वाढलं नसतानाही रक्तातलं इन्सुलिन जास्त दिसतं. इन्सुलिन वाढलंय म्हणजे बीटा पेशी जास्त राबताहेत, हा निष्कर्ष त्यामुळे नेहमी बरोबर निघत नाही.

यावरचा उपाय डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये शिकागोत लावलेल्या प्रोइन्सुलिनच्या शोधातून मिळाला. इन्सुलिन आधी एका लांब साखळीच्या रूपात बनतं. मधला तुकडा कापला जातो तेव्हा इन्सुलिन मोकळं होतं. तो कापलेला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक रेणू बाहेर पडतो, यकृत त्याला हात लावत नाही आणि तो अर्ध्या तासात निम्मा होतो. शिवाय बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, म्हणून इंजेक्शन घेणाऱ्या माणसाचं स्वतःचं स्रवण मोजायला दुसरा सोपा मार्ग नाही. एक मर्यादा लक्षात ठेवायची: ते मूत्रपिंडातून जातं, त्यामुळे मूत्रपिंड दुबळं असेल तर आकडा फुगलेला येतो.

नमुना घेताना काय बिघडतं, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर रक्तपेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात. आपल्या दुसऱ्या माणसाचा नमुना दोन तास टेबलावर पडून राहिला तर ११७ ची साखर १०३ च्या आसपास उतरते आणि त्याच्या बीटा पेशींचं काम ८० वरून १०८ टक्क्यांवर जातं. माणूस न हलता बरा झाला! फ्लोराइडची नळी वापरली की प्रश्न मिटला असं समजतात, पण फ्लोराइड साखर जाळण्याच्या साखळीतलं खालचं विकर अडवतं. वरची विकरं आणखी तास-दोन तास चालूच राहतात. सायट्रेट असलेल्या नळीत हे जळणं लगेच थांबतं. ती नसेल तर नळी बर्फात ठेवून अर्ध्या तासाच्या आत फिरवून प्लाझ्मा वेगळा करणं हाच भरवशाचा मार्ग.

इन्सुलिनचं दुखणं निराळं. लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं विकर इन्सुलिन तोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून प्लाझ्मा गुलाबी-लाल दिसला तर तो नमुना टाकून द्यावा, 'थोडासाच लाल आहे' म्हणून चालवून घेऊ नये. सी-पेप्टाइड यात बरंच टिकाऊ आहे. ईडीटीएच्या नळीत ते खोलीच्या तापमानाला एक दिवस तग धरतं. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लॅबला आधी सांगावं. बऱ्याच यंत्रांत इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडची चाचणी बायोटिनच्याच जोडणीवर चालते आणि रक्तातल्या जास्तीच्या बायोटिनमुळे आकडा खोटा कमी येतो. इंजेक्शनमधली बदललेल्या रचनेची इन्सुलिनं काही यंत्रांना दिसतात, काहींना अजिबात दिसत नाहीत. दोन लॅबचे इन्सुलिनचे आकडे म्हणूनच शेजारी ठेवून तुलना करू नये.

उपाशीपोटीच्या एका नमुन्यापेक्षा ग्लुकोज पिऊन केलेली चाचणी बीटा पेशींबद्दल कितीतरी जास्त सांगते, फक्त ती नीट करायला हवी. आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं खाल्लेली असावीत. हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं: कर्बोदकं जवळपास बंद केलेला माणूस थेट चाचणीला आला तर त्याची दोन तासांची साखर खोटी वर जाते. रात्रीचा उपास किमान आठ तासांचा. निर्जल ग्लुकोज ७५ ग्रॅम, २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत प्यायचं. डब्यावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर ८२.५ ग्रॅम मोजावं लागतं, नाहीतर प्रत्यक्षात डोस कमी जातो. मग दोन तास बसून राहायचं. चालणं नाही, सिगारेट नाही.

निदानासाठी शून्य आणि १२० मिनिटं पुरतात. स्रवण बघायचं तर ३० मिनिटांचा नमुना हवाच, साखर आणि इन्सुलिन दोन्हींसाठी. तीस मिनिटांत इन्सुलिन किती वाढलं याला साखर किती वाढली याने भागायचं. एकाची साखर ८५ वरून १३५, इन्सुलिन ८ वरून ५८: निर्देशांक १. दुसऱ्याची साखर १०० वरून १७५, इन्सुलिन १४ वरून ४४: निर्देशांक ०.४. दुसऱ्याचं उपाशीपोटीचं इन्सुलिन जास्त आहे, तरी गरज पडली तेव्हा त्याचा हात आखडला. साखर तीस मिनिटांत वाढलीच नाही किंवा उतरली, तर हा भागाकार निरर्थक होतो. तेव्हा उणे आकडा जपून न ठेवता तो नमुना त्या हिशोबातून काढावा. एका तासाच्या नमुन्यालाही आता अधिकृत वजन आलंय: २०२४ मध्ये इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने एका तासाला १५५ किंवा जास्त साखर ही मधली पायरी आणि २०९ किंवा जास्त हा मधुमेह, अशी शिफारस केली.

तोंडाने घेतलेलं ग्लुकोज आणि शिरेतून दिलेलं ग्लुकोज रक्तात सारखीच साखर दाखवत असलं, तरी तोंडाने घेतल्यावर इन्सुलिन बरंच जास्त सुटतं. जीएलपी-१ आणि जीआयपी ही आतड्यातली हार्मोन्स बीटा पेशीला आधीच सावध करतात. त्यामुळे पिऊन केलेल्या चाचणीत आतडं आणि बीटा पेशी दोघांचं काम मिसळलेलं असतं. फक्त बीटा पेशी तपासायच्या तर शिरेतून ग्लुकोज देऊन साखर ठरावीक पातळीवर धरून ठेवणारी क्लॅम्प पद्धत लागते. राल्फ डीफ्रोन्झो आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ती सविस्तर लिहून ठेवली. दर पाच मिनिटांनी साखर मोजून ग्लुकोजचा वेग बदलत राहायचा, तोही काही तास; संशोधनाबाहेर ती कोणी करत नाही.

प्रयोगशाळेत उंदराच्या स्वादुपिंडातली बेटं, म्हणजे बीटा पेशी असलेले पेशींचे पुंजके, वेगळी काढून हेच काम बशीत करतात. कोलॅजिनेज या विकराने ऊती सैल करायची, सूक्ष्मदर्शकाखाली बेटं एकेक वेचायची, रात्रभर माध्यमात सावरू द्यायची. दुसऱ्या दिवशी २.८ मिलिमोल ग्लुकोजमध्ये तासभर शांत ठेवायची, मग एका गटाला २.८ आणि दुसऱ्याला १६.७ मिलिमोलमध्ये तासभर. (म्हणजे रक्तातल्या भाषेत ५० आणि ३००.) शेवटी आम्लमिश्रित अल्कोहोलने बेटांतलं एकूण इन्सुलिन काढून सुटलेलं इन्सुलिन त्याच्या टक्क्यांत मांडायचं. यात बिघाड बहुतेक वेळा पहिल्या पायरीत असतो. कोलॅजिनेज दोन मिनिटं जास्त राहिलं की बेटांच्या कडा झिजतात आणि फाटक्या पेशींतून इन्सुलिन गळतं. मग कमी ग्लुकोजमध्येच आकडा मोठा येतो आणि जास्त ग्लुकोजमध्ये तो किती पट वाढला हे दिसत नाही. नळीत मोठी बेटं एकीकडे, छोटी दुसरीकडे गेली तरी फरक खोटा येतो. द्रावणात अल्ब्युमिन हे प्रथिन नसेल तर इन्सुलिन प्लॅस्टिकलाच चिकटून बसतं. आणि एक नळी ३० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइडची ठेवायलाच हवी. ग्लुकोजने इन्सुलिन सुटत नाही पण पोटॅशियमने सुटतं, तर कणिका आणि कॅल्शियमचा भाग शाबूत आहे. दोष ग्लुकोज जाळण्यात किंवा वाहिनी बंद होण्यात आहे. सल्फोनिलयुरियानेही सुटत असेल तर वाहिनीही ठीक, दोष जाळण्यातच.

टाइप २ मध्ये बीटा पेशी मरतात की गप्प बसतात? दोन्ही घडतं असं दिसतं. पीटर बटलर यांच्या गटाने २००३ मध्ये मृत्यूनंतर मिळालेली स्वादुपिंडं तपासली, तेव्हा लठ्ठ मधुमेहींत बीटा पेशींचं आकारमान तेवढ्याच लठ्ठ पण मधुमेह नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी भरलं. दुसरीकडे न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये ११ जणांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. उपाशीपोटीची साखर एका आठवड्यात उतरली आणि हरवलेला पहिला टप्पा आठ आठवड्यांत परत आला. मेलेली पेशी आठ आठवड्यांत परत येत नाही. चरबीच्या ओझ्याखाली गप्प बसलेली येते.

पुढे डायरेक्ट या मोठ्या चाचणीत सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिन न लागलेला मधुमेह घेतला. एका वर्षाने वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातले ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत ८६ टक्के, पाच किलोच्या आत अडकलेल्यांत फक्त ७ टक्के. मधुमेह जितका जुना, तितकी गप्प बसलेल्या पेशींतून जाग्या होणाऱ्यांची संख्या कमी, म्हणून वजनाचा प्रयत्न निदानानंतर लगेच करावा, 'आधी गोळ्यांनी जमतंय का बघू' म्हणत वर्षं घालवू नयेत असं मला ठामपणे वाटतं. मात्र सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं एकदम कमी केलं तर साखर कोसळते, आणि एसजीएलटी-२ गटातल्या (लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्यांवर कर्बोदकं तोडली तर साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी करणारा किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. डोस आधी बदलून घ्यायचा, मग खाणं.

सी-पेप्टाइडचा सगळ्यात रोखठोक उपयोग होतो तो मधुमेहाचा प्रकार ठरवताना. वयाच्या चाळिशीत टाइप २ म्हणून गोळ्यांवर ठेवलेला, वजन उतरत चाललेला, तीन वर्षांत इन्सुलिनवर आलेला माणूस प्रत्यक्षात टाइप १ असू शकतो. आधी जीएडी प्रतिपिंडं (टाइप १ मध्ये रक्तात सापडणारी, स्वतःच्याच बीटा पेशींविरुद्धची) तपासावीत. सी-पेप्टाइड जेवणानंतर एक ते पाच तासांत घेतलं तरी चालतं, पण त्याच वेळी साखरही मोजायची. साखर ७० च्या खाली असेल तर बीटा पेशी गप्पच असणार, तो नमुना पुन्हा घ्यावा. साखर खूप चढून दवाखान्यात दाखल झालेल्याचं सी-पेप्टाइड दोन आठवडे तरी घेऊ नये. साखरेच्या माऱ्याने दमलेल्या पेशी तेव्हा खोटा कमी आकडा देतात. इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत लिटरला ६०० पिकोमोलच्या वर आकडा टाइप २ कडे बोट दाखवतो, २०० च्या खाली तीव्र कमतरता. मधल्या पट्ट्यात निदानाला पाच वर्षं झाली नसतील तर काही काळाने चाचणी पुन्हा करावी. २०० च्या खाली असलेल्याचं इन्सुलिन वजन कमी झालं, साखर आटोक्यात आली म्हणून कधीही पूर्ण बंद करू नये.